पत्राला वाचक कसे मिळतात ?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेची सहल पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी गांवीं गेली होती. उतारावरील समतल चर, त्यांखालचे नालाबांध व सखल भागांतल्या विहिरी हें सर्व मुलांनीं वहींत उतरून घेतलें. परततांना शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हांस भेटली. ती जवळच्याच एका खेड्यांतली असून सध्यां पदवीचा अभ्यास करते. वर्षभर दर रविवारीं सायंकाळीं ती आपल्या गांवाचें एक लहानसें पत्र ई-मेलनें धाडीत आली आहे. पाऊस किती पडला, विहिरींत किती हात पाणी आहे, कांद्याला काय भाव मिळाला, कोण आजारी आहे, कोणाच्या घरीं पाळणा हालला, असा त्यांतील मजकूर. पोटापाण्यासाठीं पुण्यामुंबईस गेलेल्या गांवकऱ्यांकरितां हें पत्र आहे. तिनें विचारिलें, “सर, वर्षभर लिहितें आहें, वाचणारे बेचाळीसच. घरचे म्हणतात, एवढ्यासाठीं रविवार कशाला दवडतेस ? बंद करूं का ?”

निघण्याच्या गडबडींत आम्ही तिला पुरतें उत्तर देऊं शकलों नाहीं. तें येथें देत आहों, कारण हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस लिहिण्याची हौस आहे, आणि आपलें लिखाण लोकांपुढें ठेवण्यास आज छापखाना लागत नाहीं, कीं टपालाचें तिकीटही लागत नाहीं. प्रसिद्ध करणें सोपें झालें. वाचक मिळणें मात्र पूर्वींइतकेंच अवघड राहिलें आहे. म्हणून पूर्वीच्या लोकांनीं वाचक कसे मिळविले, हें आधीं पाहूं.

मराठींतील पहिलें वृत्तपत्र ‘दर्पण’ हें बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत काढलें. वृत्तपत्र म्हणजे काय, तें पैसे देऊन कां घ्यावें, हेंच त्या वेळीं मराठी माणसाला ठाऊक नव्हतें. पत्रांत मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापीत, म्हणजे दोन्ही भाषांतील लोकांस तो वाचतां यावा. आठ वर्षांनीं, १८४० सालीं, ‘दर्पण’ बंद झालें. परंतु वृत्तपत्र वाचण्याची जी संवय त्यानें लाविली, ती पुढील पत्रांच्या कामीं आली. नव्या वाटेनें जाणाऱ्या लेखकाला पत्र तर काढावें लागतेंच. शिवाय त्याचा वाचकही त्यालाच घडवावा लागतो.

आतां आपल्याच जिल्ह्याकडे वळूं. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशननें जून १८४२ मध्यें ‘ज्ञानोदय’ सुरू केला. याच ‘ज्ञानोदया’ंत १८५५ सालीं मुक्ता साळवे नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचीं दुःखें तिनें त्यांत निर्भीडपणें मांडलीं होतीं. शाळकरी मुलीच्या निबंधाला त्या वेळीं असे कितीसे वाचक असणार ! परंतु आज १७० वर्षें लोटलीं, तरी तो निबंध अभ्यासिला जात आहे. ज्यांनीं आपला लेख एका आठवड्यांत किती जणांनीं पाहिला हें मोजून खिन्न व्हावयाचें ठरविलें आहे, त्यांनीं मुक्तेची आठवण ठेवावी.

दुसरें उदाहरण तर खेड्यांतलेंच आहे. नेवासें तालुक्यांत तरवडी म्हणून एक गांव आहे. तेथून मुकुंदराव पाटील यांनीं ‘दीनमित्र’ हें साप्ताहिक चालविलें. १८७७ सालीं पुण्यास ‘दीनबंधु’ काढणारे कृष्णराव भालेकर हे त्यांचे जनक पिता. ‘दीनमित्र’ १९१० सालीं निघालें व मुकुंदरावांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, चाललें. वृत्तपत्र म्हटलें कीं मुंबई किंवा पुणें, असा तो काळ. त्या काळांत खेड्यांत बसून एका माणसानें हें काम अर्धशतकाहून अधिक काळ केलें. त्यांनीं शहरच्या विद्वानांसाठीं लिहिलें नाहीं. शेतकऱ्याचें कर्ज, त्याचें अज्ञान व त्याची होणारी नाडणूक हे त्यांचे विषय होते, आणि भाषाही त्याला समजेल अशी होती. ज्या गांवांत अक्षर ओळखणारे चारदोनच, तेथें एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, अशीच त्या वेळीं रीत होती. म्हणजे वर्गणीदाराच्या एका नांवामागें अख्खी चावडी बसलेली असे.

तिसरें उदाहरण ‘किर्लोस्कर खबर’ या पत्राचें. किर्लोस्करवाडीस लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना होता. त्यांचे पुतणे शंकरराव यांनीं १९२० सालीं कारखान्याची वार्तापत्रिका म्हणून ही ‘खबर’ काढली. आरंभींचा वाचकवर्ग कारखान्याशीं ज्यांचा संबंध आहे अशांचा होता. त्यांचीं नांवें व पत्ते हातीं होते. परंतु नांगराच्या स्तुतीचाच मजकूर दरमहा छापला असता, तर तो कोणीं वाचला असता ? शंकररावांनीं हळूहळू उद्योग, शास्त्र, कथा व विनोद यांना जागा दिली. घरांतील सर्वांनीं हातीं घ्यावें असें तें मासिक झालें, आणि पुढें ‘किर्लोस्कर’ एवढ्याच नांवानें घरोघर गेलें. वाचक वाढले, तेव्हां त्यांनीं एकाच अंकांत सगळें कोंबलें नाहीं : स्त्रियांसाठीं १९३० मध्यें ‘स्त्री’ व तरुणांसाठीं १९३४ मध्यें ‘मनोहर’ अशीं निराळीं मासिकें काढलीं.

त्याच १९२० सालच्या ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केलें. छत्रपति शाहू महाराजांनीं त्यास अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें होतें. पत्र कोणासाठीं आहे, हें त्याच्या नांवांतच आलें आहे. तें फार वर्षें टिकलें नाहीं. परंतु बाबासाहेबांनीं १९२७ सालीं ‘बहिष्कृत भारत’ काढून तेंच काम पुन्हां हातीं घेतलें. पत्र बंद पडणें व कार्य सोडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शेवटचें उदाहरण सर्वांत लहान. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतांना छात्रालयांतील मुलांकरितां ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हातानें लिहून काढीत. वाचक म्हणजे छात्रालयांतील मुलें, एवढेच. पण त्यांतल्या प्रत्येकाचें नांव, घर व दुखणें लेखकाला माहीत होतें. ज्या हातानें तें दैनिक लिहिलें, त्याच हातानें १५ ऑगस्ट १९४८ रोजीं ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलें.

या सर्वांतून एकच सूत्र निघतें. वाचक गर्दीनें येत नाहीं. तो एकेक येतो, आणि ज्याला पत्र आपल्यासाठींच आहे असें वाटतें, तोच पुढच्या वाचकाला घेऊन येतो. हें सूत्र आजच्या ई-मेलच्या पत्रास कसें लावावें, तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट, पत्र कोणासाठीं हें एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे. ‘सर्वांसाठीं’ हें उत्तर नव्हे. येथें आमची स्वतःची चूक सांगणें बरें. तरुणपणीं आम्हीं एक हस्तलिखित मासिक काढलें, आणि त्यांत काव्यापासून खगोलापर्यंत सर्व कांहीं भरलें. तीन अंक निघाले. पुढें आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतील प्रत्येक लेख आम्हांस मिरवावयाचा होता. कोणास हवा होता म्हणून तो लिहिलेला नव्हता. लिहितांना ओळखीचा एक वाचक डोळ्यांपुढें ठेवावा. त्याला जें कळणार नाहीं तें उलगडून सांगावें, व त्याला जें नको तें गाळावें.

दुसरी गोष्ट, वार चुकवूं नये. आठवड्यास एक पत्र होत नसेल तर महिन्यास एक काढावें. पण ठरलें तें ठरलें. अनियमित येणारें पत्र चांगलें असलें तरी वाचक त्याची वाट पाहत नाहीं, आणि वाट पाहण्याची संवय हेंच पत्राचें भांडवल होय.

तिसरी गोष्ट, वाचकांची यादी स्वतःजवळ ठेवावी. फेसबुकासारख्या ठिकाणीं लिहिणें म्हणजे दुसऱ्याच्या बाजारांत पथारी पसरणें होय. तेथें माणसें पुष्कळ, पण आपला माल कोणाला दाखवावा हें बाजाराचा धनी ठरवितो, आणि उद्यां त्याचा नियम बदलला तर आपली ओळखीची माणसेंही दिसेनाशीं होतात. तेथें जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. जावें, पण आलेल्या माणसाला आपल्या यादींत येण्याची वाट दाखवावी. मात्र ज्यानें आपण होऊन पत्ता दिला नाहीं, त्याला पत्र धाडूं नये. आणि ज्याला नको झालें, त्याला सहज नांव काढून घेतां यावें. यांत सभ्यता तर आहेच, शिवाय व्यवहारही आहे. पुष्कळांनीं एखादें पत्र ‘नकोसें’ म्हणून बाजूस सारलें, कीं टपालसेवा त्या लेखकाचीं पत्रें इतरांच्याही अडगळींत टाकूं लागते. अशा रीतीनें उसन्या पत्त्यांपायीं हक्काचा वाचकही गमवावा लागतो.

चौथी गोष्ट, वाचकालाच पुढें करावें. पत्राच्या तळाशीं दोन ओळी असाव्यात : ‘हें पत्र आवडल्यास आपल्या एका स्नेह्यास पाठवा, त्यास हवें असल्यास येथें नांव नोंदवावें.’ मागील अंक एके ठिकाणीं वाचावयास ठेवावेत, म्हणजे नव्या माणसाला पारखून घेतां येतें. अशाच विषयावर दुसरें कोणी लिहीत असेल तर त्याचा उल्लेख मोकळ्या मनानें करावा. तोही बहुधा आपला करील. कोणी उत्तर लिहिलें तर त्याला उत्तर द्यावें, आणि चूक दाखविली तर पुढच्या अंकांत ती कबूल करावी. चूक कबूल करणाऱ्यावर वाचकाचा विश्वास वाढतो.

पांचवी गोष्ट, आंकड्यांस भुलूं नये. किती जणांनीं पत्र उघडलें, हें दाखविणारा आंकडा आतां मिळतो. पण तोही भरंवशाचा नसतो, कारण कांहीं टपालसेवा वाचकानें पत्र पाहण्यापूर्वींच त्यांतील चित्रें आपण होऊन उघडतात. शिवाय त्या आंकड्याच्या मागें लागलेला लेखक हळूहळू भडक मथळे लिहूं लागतो, मग अर्धसत्य, आणि शेवटीं असत्य. त्यानें वाचक वाढतातही. परंतु ते करमणुकीला आलेले असतात, आणि दुसरीकडे मोठा ढोल वाजला कीं तिकडे जातात. पालकांनींही मुलांना ‘किती जणांनीं पाहिलें ?’ असें विचारण्यापूर्वीं ‘खरें लिहिलेंस का ?’ असें विचारावें.

आतां पुन्हां राळेगणसिद्धीस येऊं. सैन्यांतून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ सालीं या गांवीं परतले, तेव्हां त्यांनीं प्रथम व्याख्यान दिलें नाहीं. आपल्या शिलकेंतून यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला. तें काम पाहून माणसें जमलीं. मग त्यांचें ऐकूं लागलीं. पुढें श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी त्यांनीं मान्य केली. आणि पाण्याचें कामही त्याच रीतीचें होतें. पाऊस तेथें पूर्वींही पडतच होता, पण वाहून जात होता. तो जेथें पडतो तेथेंच, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, अडविला व जिरविला, तेव्हां विहिरींस पाणी आलें. वाचकांचेंही तसेंच आहे. नवे वाचक कोठून आणावेत याची चिंता पुष्कळजण करतात ; आलेला वाचक वाहून कां जातो, हें फार थोडे पाहतात. आधीं बांध घालावा ; पाण्याची पातळी मागाहून वाढते, आणि ती वाढतांना वरून दिसतही नाहीं.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आमचें उत्तर असें : मुली, पत्र बंद करूं नकोस. बेचाळीस जणांना एकेक ओळ लिहून विचार कीं, पत्र हातीं येतांच तुम्ही आधीं काय वाचतां ? आणि प्रत्येकास आपल्या गांवच्या आणखी एका माणसाचें नांव सुचविण्याची विनंती कर.

तूं निघतांना सहज बोलून गेलीस तें आम्ही विसरलों नाहीं. परीक्षेमुळें तुझा एक रविवार चुकला, तेव्हां बेचाळिसांपैकीं अकरा जणांनीं घरीं फोन करून विचारिलें कीं, पत्र कां आलें नाहीं, गांवीं सर्व क्षेम आहे ना ? तूं तें तक्रार म्हणून सांगितलेंस. पत्र न आल्यानें अकरा घरांत काळजी वाटावी, याहून मोठी पावती लेखकाला काय मिळावयाची ? येत्या रविवारचें पत्र आम्हांसही धाड. त्रेचाळिसावें नांव आमचें लिही.