मीटरवरचा आकडा खरा, पण कशाचा?

जुम्म्याच्या खुतब्यात माइकजवळ कुणाचा जुना टू-जी मोबाइल असला की रिंग वाजायच्या आधीच स्पीकर टर्र-टर्र करायचा, आठवतं ना? त्या आवाजातच आजच्या विषयाचं गमक आहे.

टू-जी फोन सलग लहरी सोडत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांच्या एका फेरीचे आठ भाग असतात आणि तुमच्या फोनच्या वाट्याला त्यातला एकच येतो, साधारण ५७७ मायक्रोसेकंदांचा. उरलेले सात भाग तो गप्प. असं सेकंदाला २१७ वेळा होतं, आणि हीच चालू-बंद थाप स्पीकरच्या तारांत शिरते. ९०० मेगाहर्ट्झवर फोन बोलतो त्या क्षणी जास्तीत जास्त २ वॅट सोडतो. गप्प बसलेला वेळ धरून सरासरी काढली तर जेमतेम पाव वॅट. पहिल्या आकड्याला शिखर शक्ती म्हणतात, दुसऱ्याला सरासरी. दोन्ही खरेच.

घोळ इथूनच सुरू होतो. गच्चीवर टॉवर बसला की सोसायटीतलं कुणीतरी ऑनलाइन स्वस्त मीटर मागवतं, लाल दिवा लागलेला व्हिडिओ ग्रुपवर फिरतो आणि घरातल्या बायाबापड्या घाबरतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. पण हे आकडे सहा मिनिटांच्या सरासरीचे आहेत. फाइव्ह-जीचे बरेच टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात, म्हणजे तिथेही तुकडेच. त्यातला क्षणभराचा उंच आकडा सरासरीच्या मर्यादेशेजारी ठेवला तर भीती फुकटची.

उलटी चूक मात्र जास्त महाग पडते. कोकणातल्या किती घरांतली माणसं दर्यावर आहेत, त्यांनी हे नीट वाचावं. छोट्या नौकेवरचं रडार ४ किलोवॉटचं धरा. त्याचा एक ठोका ०.८ मायक्रोसेकंदांचा, असे सेकंदाला ६०० ठोके. गुणाकार केला की रडार सेकंदातला फक्त ०.०००४८ भाग चालू असतं, म्हणून सरासरी दोन वॅटच्याही खाली. सावकाश चालणारा मीटर एवढंच दाखवणार. ‘दोनच वॅट’ म्हणून कुणी नाजूक सेन्सर थेट जोडला, तर ४ किलोवॉटचा ठोका त्याचं काम तमाम करतो.

म्हणून जाणकार आधी सिग्नल कमी करतात. ३० डेसिबल म्हणजे हजारावा भाग. असे दोन टप्पे घेतले की ४ किलोवॉटचे ४ मिलीवॉट उरतात, आणि ते सेन्सरला झेपतात. पुढे दोन वाटा. सरासरी मोजून तिला चालू वेळेच्या हिश्श्याने भागायचं. हे स्वस्तात होतं, पण ठोके चौकोनी आणि एकसारखे असतील तरच उत्तर बरोबर. नाहीतर ठोक्याहून चपळ असा डायोडचा सेन्सर लावून प्रत्येक ठोक्याचा आकार पडद्यावर बघायचा. सेन्सर मंद असेल तर शिखर कापलं जातं, आणि मीटर बिनदिक्कत कमी आकडा सांगतो. फिरणाऱ्या अँटेनाचा झोत तर तुमच्यावरून क्षणात सरकतो, तेव्हा एका नजरेत वाचलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. रडार चालू ठेवून अँटेना थांबवली असेल, तर तिच्यासमोर उभं राहू नये.

टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं आहे. ठरावीक शुल्क भरून तिथे मोजणीची मागणी करता येते. मोजायला माणूस आला की त्याला दोन गोष्टी विचारा: हा आकडा सरासरीचा आहे की शिखराचा, आणि किती मिनिटांचा?