आरोग्य सल्ला : गुन्हा, रीत आणि यकृत

बाटली एकच, पण पत्रादेवीला ती दुकानातला माल असते आणि परवान्याशिवाय बांद्यात आणली की गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात दारू पिण्यासाठीही परवाना लागतो. गंमत म्हणजे, तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो! समाजाचे मापही असेच. राखणदाराला दाखवलेली दारू चालते, लग्नात पुरुषांनी घेतलेली खपते. बाईने घेतली की गावभर बोभाटा.

यकृताला मात्र कायदा कळत नाही, रीतही कळत नाही. मालवणात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मी पाहतो, बदनामीच्या भीतीने व्यसन सुटत नाही, फक्त लपते. कावीळ झाली, पोटात पाणी साठले की मग दवाखाना आठवतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हात कापतात, भ्रम होतो, कधी फिटही येते. हे जिवावर बेतू शकते. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नका. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही व्यसनाकडे आजार म्हणूनच पाहिले जाते. तेव्हा डॉक्टरांना रोजचे खरे प्रमाण सांगा आणि त्यांच्या देखरेखीखालीच दारू सोडवा.