फासा त्याचा, मंत्र आपला

शाहिराच्या मागे उभे असलेले झिलकरी आठवून पाहा. पोवाडा शाहिराचा, डफ शाहिराचा, टाळ्याही शाहिरालाच. पण कडवं संपताना मागून झील उठली नाही, तर शाहिराला दम घ्यायलाही उसंत मिळायची नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात हे काम करणाऱ्या पात्राला सपोर्ट कॅस्टर म्हणतात. आपण त्याला साथीचा मांत्रिक म्हणू.

खेळ कसा चालतो ते दोन ओळींत सांगायचं तर असं : टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला तलवार हवी असते, नाहीतर आगीचे गोळे. साथीचं पात्र मागे उरतं आणि ‘चला, मी घेतो’ म्हणत कुणीतरी ते उचलतं. मला मात्र हेच पात्र सगळ्यांत लाडकं आहे. ते घडवताना इतक्या गमती हाती लागतात की त्या एकट्याने ठेवून घेणं जिवावर येतं.

सर फँगवर उतारा

या पात्राचा जन्म एका रक्तपिपासूमुळे झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात खेळवत असत. त्यातल्या एकाचं पात्र, सर फँग, व्हँपायर झालं आणि इतकं बलाढ्य झालं की ते कुणालाच आवरेना. उतारा म्हणून दुसऱ्याला धर्मगुरूचं पात्र दिलं गेलं. डोळ्यांपुढे होते हॅमर कंपनीच्या भयपटांत व्हॅन हेल्सिंग साकारणारे पीटर कुशिंग. हाच पहिला क्लेरिक. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा खेळ छापून आला, तेव्हा त्यात पात्रांचे वर्ग तीनच होते : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. चोरसुद्धा नंतर आला.

त्या पहिल्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र येत नसे! मंत्र मिळायचा दुसऱ्या लेव्हलला. तोवर गदा फिरवायची आणि भुताखेतांना पळवून लावायचं. गदाच, कारण धारदार शस्त्र त्याला वर्ज्य होतं. या नियमाची आठवण निघाली की लोक बेयूच्या प्रसिद्ध भरतकामाकडे बोट दाखवतात. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत बिशप ओडो घोड्यावर बसून दंडुका उगारताना तिथे दिसतो.

एका मंत्राच्या तीन बदल्या

जखम भरणारा ‘क्युअर वुंड्स’ हा या खेळातला सगळ्यांत जुना, घरगुती मंत्र. पण तो कुठल्या शाखेत बसवायचा यावर आवृत्त्यांचं एकमत होत नाही. 1978 च्या पुस्तकात तो मृत्युविद्येत होता, म्हणजे प्रेतं उठवणाऱ्या मंत्रांच्या शेजारी. 2000 मध्ये आवाहनविद्येत गेला. 2014 मध्ये त्याला आगीच्या गोळ्यांच्या पंगतीत बसवलं. आणि 2024 मध्ये तो रक्षणविद्येत आला. माझ्या मते आता कुठे त्याला आपलं घर सापडलं.

अडीचाचं गणित

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. ‘ब्लेस’ हा पहिल्या पायरीचा मंत्र. तीन साथीदारांवर टाकायचा. मग पुढचा मिनिटभर ते वार करताना किंवा संकटातून निसटताना वीस बाजूंच्या फाशाबरोबर चार बाजूंचा छोटा फासाही टाकतात आणि दोन्हींची बेरीज धरतात. वाचताना हे अगदी किरकोळ वाटतं. चारात काय असं मोठं?

बघा. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर एकेक आकडा म्हणजे पाच टक्के. अडीच म्हणजे साडेबारा टक्के, अर्थात एक अष्टमांश. एरवी निम्मेच वार लागत असतील, तर दर आठ वारांमागे चाराऐवजी पाच लागू लागतात. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे मिनिटात 10 फेऱ्या, आणि माणसं तीन. एका मंत्रात 30 डावांना आपला हात लागू शकतो. आगीचा गोळा एकदा फुटतो आणि संपतो.

आमच्या टेबलावर एक रीत पडली आहे. ब्लेस चालू असेल तोवर मी माझा चार बाजूंचा फासा त्या त्या खेळाडूच्या हातात नेऊन देतो. हा फासा पिरॅमिडसारखा असतो, धड घरंगळत नाही, अनवाणी पायाखाली आला तर जीव जातो. पण एकाचा वार दोन आकड्यांनी हुकत असताना त्या इवल्याशा पिरॅमिडवर तीन पडतो, तेव्हा सगळं टेबल ओरडतं, आणि वार करणारा खेळाडू आधी माझ्याकडे बघतो.

जखम भरायची घाई नको

नवा क्लेरिक दर फेरीला कुणाची ना कुणाची जखम भरत बसतो. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत हे महाग पडतं. पात्राच्या जीवनशक्तीचे जे हिट पॉइंट असतात, ते 40 असोत की एक, गडी सारख्याच जोराने तलवार चालवतो. शून्यावर आला की मात्र कोसळतो. आणि शून्याच्या खाली हिशोब जातच नाही. म्हणून जाणते खेळाडू ‘हीलिंग वर्ड’वर जीव टाकतात. 2014 च्या नियमांत त्याने जेमतेम चार बाजूंच्या फाशाएवढी जखम भरते, पण तो 60 फुटांवरून, नुसत्या एका शब्दाने आणि डावातल्या छोट्या कृतीत टाकता येतो. पडलेला गडी उठतो आणि त्याचा डाव वाया जात नाही. साथीच्या मांत्रिकाने मोजायचं ते हेच : आपल्या बाजूचे किती डाव वाचले?

कोसळलेल्याचंही गणित बघण्यासारखं आहे. तो दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकतो. 10 किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं आली तर जगला, तीन अपयशं आली तर गेला. थेट 20 पडले तर एक हिट पॉइंट घेऊन उठून उभा! एक पडला तर दोन अपयशं एकदम.

बांडगुळाची बोरं

मराठीत बांडगूळ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण ती देतो. या खेळात निसर्गपूजक ड्रूइड बांडगुळाचीच डहाळी हातात धरतो आणि ‘गुडबेरी’ मंत्राने 10 बोरं उगवतो. एक बोर खाल्लं की एक हिट पॉइंट आणि दिवसभराचं पोट भरलं. भुकेल्या गावात असा ड्रूइड आला तर त्याचे काय लाड होतील!

या बोरांची एक करामत खेळाडूंनी शोधली होती. क्लेरिकच्या ‘लाइफ डोमेन’ या शाखेला 2014 च्या नियमांत एक वरदान होतं : जखम भरणाऱ्या मंत्रात मंत्राची पायरी अधिक दोन एवढी भर पडायची. एक लेव्हल या क्लेरिकची घ्यायची आणि बाकीचा ड्रूइड. मग प्रत्येक बोर एकाऐवजी चार हिट पॉइंट देऊ लागतं. दहा बोरं, 40 हिट पॉइंट, खर्च पहिल्या पायरीचा एक मंत्र. खेळ रचणाऱ्यांनीही हे नियमात बसतं असं सांगितलं होतं. 2024 मध्ये वरदानाची शब्दरचना बदलली : भर पडणार ती मंत्र टाकल्याच्या डावातच. बोरं खिशात घालून नंतर खाण्याची सोय गेली.

अक्कल किती, छाती किती

पात्र घडवताना सहा गुणांना वाटायला ठरलेले आकडे मिळतात : 15, 14, 13, 12, 10 आणि 8. क्लेरिक आणि ड्रूइडचे मंत्र शहाणपणावर चालतात, गाणाऱ्या बार्डचे मोहकपणावर. 15 तिथेच द्यायचे. पण 14 कुठे? माझं ठाम मत, काटकपणाला.

कारण ब्लेससारखे बरेच मंत्र ध्यान लावून टिकवावे लागतात. एका वेळी असा एकच मंत्र. अंगावर वार आला की फासा टाकून ध्यान सांभाळायचं, निदान 10 तरी यायला हवेत. जखम 20 च्या वर गेली तर तिच्या निम्मे. काटकपणाच्या 14 मुळे फाशात दोनाची भर पडते, म्हणजे फाशावर आठ आले की पुरे : 65 टक्के. पुढे ‘वॉर कॅस्टर’ हे कसब घेतलं की दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो आणि हीच शक्यता 88 टक्क्यांच्या आसपास जाते.

ध्यान तुटण्याची सगळ्यांत मोठी किंमत जादूगाराच्या ‘हेस्ट’ मंत्रात मोजावी लागते. ज्याच्यावर तो टाकला त्याचा वेग दुप्पट होतो, जादा वार मिळतो. पण मंत्र संपला की तो गळून जातो आणि एक पूर्ण डाव गमावतो. हेस्ट टाकून पुढे धावणारा जादूगार पाहिला की माझा जीव वर-खाली होतो. खांबाआड उभा राहा बाबा!

पोतडीत काय काय

हेस्टसाठी लागणारी वस्तू आहे ज्येष्ठमधाचा किस. आपल्याकडे गाणारे गळ्यासाठी चघळतात तेच. मंत्रांच्या या सामग्रीत रचनाकारांनी कोडी पेरून ठेवली आहेत. दुसऱ्याचे विचार वाचायला तांब्याचं नाणं लागतं, कारण इंग्रजीत गप्प बसलेल्याला ‘तुझ्या विचारांचा एक पेनी देतो’ म्हणायची पद्धत आहे. सगळ्या भाषा कळाव्यात म्हणून मातीचा छोटा पायऱ्यांचा मनोरा, म्हणजे बायबलातला बॅबेलचा बुरूज. विजेच्या लोळासाठी फरचा तुकडा आणि काचेची कांडी, शाळेत घासून कागदाचे कपटे उचलायचो तशी. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, बंदुकीच्या दारूची आठवण करून देणारे. आणि तीन साथीदारांना बळ देणाऱ्या ‘एड’ला पांढऱ्या कापडाची पट्टी. जखमेवरचं बँडेज!

मेलेल्याला उठवायचे दर मात्र हिऱ्यांत. मिनिटाच्या आत गाठलं तर 300 सुवर्णनाण्यांचा हिरा. 10 दिवसांपर्यंत 500. शंभर वर्षांपर्यंत 1000. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, देह उरला नसला तरी चालेल, पण 25,000. म्हणून लुटीची वाटणी होताना साथीच्या मांत्रिकाने सोन्याकडे बघू नये, आधी हिरे मागावेत. 300 नाण्यांचा एक हिरा कायम कमरेला हवा.

गाणारा

बार्ड पहिल्यांदा आला 1976 मध्ये, एका मासिकातून. 1978 च्या पुस्तकात मात्र बार्ड व्हायचं तर आधी योद्धा म्हणून निदान पाचवी लेव्हल गाठायची, मग चोर म्हणून निदान पाचवी, आणि त्यानंतर ड्रूइडांच्या हाताखाली शिकायचं. इतकं करून बार्ड झालेली माणसं थोडीच! आज तो पहिल्या दिवसापासून मिळतो, साथीदाराला सहा बाजूंचा फासा भेट देतो, आणि ‘व्हिशस मॉकरी’ने शत्रूला असा टोमणा मारतो की त्याला खरोखर इजा होते आणि त्याचा पुढचा वार डळमळतो. टोमणा प्रत्यक्ष बोलून दाखवायचा. मराठीत खेळताना इथे शब्दांची टंचाई कधीच भासत नाही.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने साथीच्या मंडळींना एक नाव दिलं होतं : ‘लीडर’. ते मला फार आवडलं होतं.

पंगत आणि कपकेक

मोठ्या लेव्हलला ‘हीरोज फीस्ट’ मिळतो. 1000 नाण्यांचं रत्नजडित पात्र खर्ची घालायचं आणि बारा जणांची पंगत मांडायची. तासभर निवांत जेवायचं, मग 24 तास भीती जवळ फिरकत नाही. याच नावाचं खेळाचं अधिकृत पाककृतींचं पुस्तक 2020 मध्ये निघालं.

पण खाण्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट आहे ‘क्रिटिकल रोल’ची. आवाजाच्या दुनियेतले कलाकार हा खेळ कॅमेऱ्यासमोर खेळतात. त्यांच्या दुसऱ्या मोहिमेत डंजन मास्टर होते मॅथ्यू मर्सर आणि लॉरा बेली यांची जेस्टर ही क्लेरिक होती, फसव्या देवाची भक्त. मैत्रिणीवरचा शाप उतरवायला सगळे एका चेटकिणीच्या झोपडीत जातात. चेटकीण मोबदल्यात दुःख मागते. कुणी काय, कुणी काय द्यायला तयार होतं. जेस्टर आत जाते, गप्पा मारते आणि कपकेक पुढे करते. त्यावर मन दुबळं करणारी भुकटी शिंपडलेली असते. चेटकीण घास घेते, जेस्टर हळूच ‘मॉडिफाय मेमरी’ टाकते, चेटकिणीची आठवण बदलते. शाप उतरतो. बाहेर मित्र शस्त्रं सावरून उभे, आणि जेस्टर हसत झोपडीबाहेर येते.