दारू मोहाची असो की बाटलीची, छातीच्या गाठीबद्दल एवढं माहीत असू द्या



आज जाळं, बीज आणि मासळीचा भाव बाजूला ठेवू. घरातल्या बायांच्या तब्येतीबद्दल बोलायचं आहे.

बाईच्या छातीत गाठ निघाली की ती लाजेने सांगत नाही. कॅन्सर निघाला तर कोणीतरी पटकन म्हणतं, "पीत असेल." अशा बोलण्याच्या भीतीने बाई गप्प बसते आणि उशीर होतो. म्हणून खरं काय ते समजून घेऊ.

दारूचा संबंध आहे का?
आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 साली दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. दारूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर 2007 साली जोडला गेला.

दारू पोटात गेली की शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं. ते पेशींना आतून इजा करतं. शिवाय दारूने बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, आणि त्याने स्तनातल्या पेशी जास्त वाढू लागतात.

किती दारूने?
रोजच्या 30 मिली व्हिस्कीने, म्हणजे एका छोट्या पेगने, धोका साधारण 7 ते 10 टक्के वाढतो. म्हणजे न पिणाऱ्या जितक्या बायांमध्ये 100 जणींना हा कॅन्सर होतो, तितक्याच रोज एक पेग घेणाऱ्या बायांमध्ये तो 107 ते 110 जणींना होईल. जितकी जास्त दारू, तितका जास्त धोका.

"मोहाची आहे, घरची आहे, शुद्ध आहे" असं आपल्याकडे म्हणतात. पण नुकसान करणारं अल्कोहोल मोहात, बिअरमध्ये आणि इंग्लिश दारूत एकच असतं. उलट घरच्या दारूत ते किती आहे हे कळतच नाही.

मग न पिणाऱ्या बायांना भीती नाही का?
इथेच सगळ्यात मोठी चूक होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातले 100 पैकी 19 पुरुष दारू पिणारे निघाले, बाया फक्त 1. तरी भारतातल्या बायांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. म्हणजे तो होणाऱ्या बहुतेक बाया दारूला शिवतही नाहीत. वाढतं वय, आईला किंवा बहिणीला झालेला असणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, अशी बरीच कारणं आहेत. त्यामुळे आजारी बाईला बोल लावू नका.

आणि दादांनो, तुमच्या पिण्याने घरधनिणीला हा कॅन्सर होत नाही, पण तुम्हाला तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, लिव्हरचा होऊ शकतो.

लवकर कळलं तर फायदा होतो?
हो. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायांवर अभ्यास केला. निम्म्या बायांची छाती शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत. 20 वर्षांनी हिशोब केला, तर तपासणी झालेल्या 50 वर्षांवरच्या बायांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी होते. मशीन नाही, सुई नाही, नुसता शिकलेला हात.

काय करायचं?
• छातीत किंवा काखेत गाठ, कातडीला खळगा, बोंडी आत ओढली जाणं, बोंडीतून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, ही गाठ बहुधा दुखतच नाही. घाबरूही नका, बहुतेक गाठी साध्या असतात.
• त्रास नसला तरी 30 वर्षांवरच्या बायांनी आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी करून घ्या. मासेमारी बंद असते, तेव्हा वेळ काढा.
• दारू कमी केली तरी फायदा आहे, सोडली तर उत्तमच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

जाळ्याचा एक धागा तुटला की आपण त्याच दिवशी सांधतो. बाईच्या तब्येतीलाही तेवढीच घाई करा.

ही पोस्ट घरातल्या आई, काकू, वहिनींना वाचून दाखवा.