कळ येण्याआधीची गोळी

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये इस्पितळांची दाटी आहे. तिथून ‘आता घरी न्या’ असे ऐकून निघालेल्या कुटुंबाला वाटते, सगळे संपले. रोग हटणार नसला, तरी वेदना, धाप, मळमळ यांवर अखेरपर्यंत इलाज करता येतो. हेच पॅलिएटिव्ह केअर.

कर्करोगाच्या तीव्र दुखण्यावर मुख्य भिस्त तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनवर. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो. म्हणून रुग्ण कण्हायला लागेपर्यंत थांबायचे नाही. गोळी घड्याळावर द्यायची. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. रात्रीची मात्रा डॉक्टर बहुधा दुप्पट देतात, म्हणजे पहाटे 2 वाजता झोपमोड होत नाही. मध्येच कळ आली तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली जादा मात्रा द्यायची आणि वेळ वहीत टिपायची. जादा गोळ्या वारंवार लागल्या, तर मूळ मात्रा कमी पडते आहे, हे डॉक्टरांना त्या वहीतून कळते. मूत्रपिंडे अधू असतील तर ते आधीच सांगावे. औषध अंगात साठते.

मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही, म्हणून जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासूनच हवे. ते राहून गेले की पोट फुगते, घरचे घाबरून मॉर्फिनच बंद करतात आणि वेदना पुन्हा उसळते.

धाप लागली तर उशांचा आधार देऊन बसवा, टेबलफॅनचा झोत गालावर येऊ द्या. एवढ्यानेही घुसमट कमी वाटते.

‘व्यसन लागेल’ ही भीती मी घरोघरी ऐकते. दुखण्याच्या मापाने, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने असे क्वचितच होते. खरी अडचण गोळी मिळण्याची. नीमच-मंदसौरला अफू पिकवणाऱ्या याच राज्यात नातेवाइकांना गोळीसाठी वणवण करावी लागावी, हे मला सहन होत नाही. 1985च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे जंजाळ वाढवले. 2014च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी केली.

घरी सांभाळणे झेपत नसेल, तर जबलपुरात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी विराट हॉस्पिस आहे. मुंबईत शांती अवेदना सदनाने 1986 मध्ये देशात हॉस्पिसची ही वाट पाडली.

डिस्चार्जचा कागद घेण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: मॉर्फिन कुठे मिळेल, जादा मात्रा किती, आणि रात्री फोन कोणाला करायचा.