विश्लेषण : काळजाचा ठोका खरेच चुकतो का?

मनगटावरच्या स्मार्टवॉचमुळे हृदयाच्या ठोक्यांचा आकडा घरोघरी पोहोचला. ७२ दिसले की हायसे वाटते, ९८ दिसले की धाकधूक सुरू होते. पण अनेकदा या आकड्यापेक्षा ठोक्यांची लय अधिक काही सांगत असते. ही लय कुठे जन्मते, ती कधी बिघडते आणि बिघडली हे घरच्या घरी कसे ओळखावे, याविषयी…

ठोका सुरू कुठे होतो?

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, विशेष पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला ‘साइनस नोड’ म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तो शोधून काढला. या पेशी स्वतःहून विद्युत संदेश निर्माण करतात. संदेश आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मध्ये क्षणभर थबकतो आणि मग खालच्या दोन निलयांत उतरतो. त्या थबकण्यामुळेच वरचे रक्त खाली उतरायला अवधी मिळतो. आपण ऐकतो तो ‘लब-डब’ आवाज मात्र विजेचा नव्हे, तर झडपा बंद होण्याचा. स्टेथोस्कोपमधून डॉक्टर प्रामुख्याने तोच ऐकतात.

मेंदूचा यात वाटा काय?

ठोका मेंदूच्या हुकमावर पडत नाही, मेंदू केवळ त्याचा वेग कमी-जास्त करतो. याचा पुरावा हृदय प्रत्यारोपणात मिळतो. भारतात असा पहिला प्रयत्न डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात केला. तो रुग्ण काही तासच जगला. पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९९४ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केली. प्रत्यारोपणात हृदयाकडे जाणाऱ्या नसा तुटतात, तरी नवे हृदय चालतेच. उलट विश्रांतीतही त्याचा वेग जास्त, साधारण ९० ते ११० च्या दरम्यान असतो. कारण एरवी हृदयाला सतत लगाम घालणारी ‘व्हेगस’ ही नस आता त्याच्याशी जोडलेली नसते.

आकडा किती असावा?

प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य मानले जातात. धावपटूंमध्ये ते ४० च्या आसपासही असू शकतात, कारण त्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते. ताप, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, शरीरातील पाण्याची कमतरता, चहा-कॉफी किंवा भीती यांमुळे वेग वाढतो. त्यामुळे जिना चढल्यावर दिसलेले ११० आणि निवांत बसलेले असताना दिसलेले ११० यांचा अर्थ एक नाही. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. एवढ्या संख्येत एखादा ठोका इकडे-तिकडे होणारच.

‘ठोका चुकला’ म्हणजे काय झाले?

छातीत धस्स झाले, धडकी भरली, काळीज धडधडले, ठोका चुकला… मराठीत यातल्या प्रत्येक अनुभवाला वेगळा शब्द आहे. यातला ‘चुकलेला’ ठोका बहुतेक वेळा चुकलेला नसतो, तर वेळेआधी पडलेला असतो. साइनस नोडऐवजी हृदयातल्या दुसऱ्याच जागेवरून संदेश निघतो. तेव्हा निलय पुरते भरलेले नसतात, म्हणून तो ठोका जाणवत नाही. त्यानंतर थोडी विश्रांती येते. तेवढ्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. ते ‘धस्स’ त्याचेच. असे ठोके निरोगी माणसांतही पडतात. जागरण, ताण, मद्य अशा कारणांनी ते वाढतात. मात्र ते वारंवार पडू लागले किंवा आधीपासून हृदयविकार असेल, तर तपासणी हवी.

साहित्य आणि परंपरेने काय टिपले?

मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळते. काळीज हा शब्दही मुळात यकृताचाच, पण भाषेने तो हृदयाला बहाल केला. एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेत खुन्याला जमिनीखाली पुरलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि तो गुन्हा कबूल करतो. ते ठोके त्याच्याच छातीतले तर नव्हते, असा प्रश्न वाचकाला पडतो. आयुर्वेदातील ‘शार्ङ्गधर संहिते’त नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांची उपमा दिली आहे. हातात घड्याळ नसलेल्या त्या काळात वैद्याचे लक्ष संख्येपेक्षा चालीवर होते, हे यातून दिसते.

लय बिघडणे धोक्याचे कधी?

‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडीला कसलाच ताल उरत नाही. आत साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत पोहोचली तर पक्षाघाताचा झटका येतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. अडचण अशी, की अनेकांना काहीच जाणवत नाही आणि पक्षाघात हेच त्यांच्यासाठी पहिले लक्षण ठरते. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता असलेल्यांना हा विकार होण्याची शक्यता अधिक. वेळीच निदान झाले, तर रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधांनी पक्षाघाताचा धोका बराच कमी करता येतो. म्हणून केवळ आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. नाडी ७२ असू शकते आणि तरीही बेताल असू शकते.

घड्याळावर किती विसंबावे?

घड्याळातला हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल, हात हलत असेल किंवा गार पडला असेल, तर मोजणी चुकते. काही घड्याळे अनियमित लयीची सूचना देतात. ती उपयोगाची असते, पण निदान ईसीजीनेच होते. विकार येऊन-जाऊन असेल, तर २४ तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद घेणारी ‘होल्टर’ चाचणी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत दाब किंवा कळ, दम लागणे, दरदरून घाम, शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसली, तर घड्याळाकडे न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरी नाडी कशी पाहावी?

पाच मिनिटे शांत बसावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची स्पंदने जाणवून गोंधळ होतो. पूर्ण ६० सेकंद मोजावे आणि मोजताना ठोके सारख्या अंतराने पडतात का, याकडे लक्ष द्यावे. श्वास घेताना वेग किंचित वाढतो आणि सोडताना कमी होतो. तरुणांत हे विशेष जाणवते आणि ते निरोगीपणाचेच आहे. पण अंतराचा काही मेळच लागत नसेल, तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढावा. घरात साठी ओलांडलेले कोणी असेल, तर रक्तदाब मोजताना त्यांची नाडीही मिनिटभर हाताने पाहावी. त्याला खर्च काहीच नाही.