घाट आल्प्सचा, हृदय आपले

फेब्रुवारी २०२३ मधील गोष्ट. माझ्या दवाखान्यात ५४ वर्षांचे एक गृहस्थ आले. बँकेत नोकरी, अंगाने सडपातळ, विडी-तंबाखूचे व्यसन नाही, रोज पहाटे २५ किलोमीटर सायकल. मुलगा जर्मनीत नोकरीला. ‘टूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीचे घाट बापलेकांनी मिळून सायकलने चढायचे, असा बेत ठरला होता. “डॉक्टरसाहेब, तंदुरुस्तीच्या दाखल्यावर तेवढी सही द्या,” ते म्हणाले.

मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, कार्डिओग्राम काढला. सर्व ठीक. सही करता करता सहज विचारले, “घाट चढताना काही त्रास?” “विशेष नाही. शेवटच्या चढाला जबडा दुखतो. उतरून उभा राहिलो की दोन मिनिटांत थांबतो. दाढेचे असेल.”

मी पेन खाली ठेवले. श्रमाने सुरू होणारे आणि विश्रांतीने थांबणारे दुखणे, मग ते छातीत असो, जबड्यात, खांद्यात की डाव्या हातात, हृदयाचे नाही असे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच समजावे. स्वस्थ पडून काढलेला कार्डिओग्राम अशा रुग्णात अगदी निर्दोष येऊ शकतो. ट्रेडमिलवरील तपासणीत दोष दिसला आणि पुढे एका मुख्य रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसते, तर मी सही करून मोकळा झालो असतो, हे कबूल केले पाहिजे.

वाचकहो, सपाट रस्ता आणि घाट यांत फरक काय? सपाटीवर पायडल थांबवले तरी सायकल पळते, हृदयाला उसंत मिळते. चढावर ती मिळत नाही. आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट घ्या. १९५२ साली तो शर्यतीत प्रथम आला. वळणे २१, लांबी सुमारे १४ किलोमीटर, आणि तेवढ्यात सुमारे ११०० मीटर उंची चढायची. पट्टीचे स्पर्धक तो पाऊण तासात चढतात. तुम्हा-आम्हाला दीड ते दोन तास लागतील आणि तेवढा वेळ हृदय सतत जोरात धडधडत राहील. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असणाऱ्यांनी, तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

दुसरा शत्रू ऊन. दक्षिण फ्रान्समधील माँ व्हाँतू हा सुमारे १९१० मीटर उंचीचा डोंगर, माथ्याकडे उघडाबोडका. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा इंग्रज स्पर्धक तेथेच कोसळून मरण पावला. कडक ऊन, शरीरातील पाणी कमी झालेले आणि त्यात उत्तेजक गोळ्या व मद्य. थकवा ही शरीराने मारलेली हाक असते, गोळ्यांनी ती ऐकू येईनाशी होते. दुखऱ्या गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या खाऊन उन्हात चढणेही मूत्रपिंडाला घातक. चढताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट घ्यावे. मात्र नुसतेच पाणी भरमसाट पिऊ नये, रक्तातील मीठ घटते. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आपले घरगुती पेय तेथेही चालते. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणे किंवा उन्हात अंगावर काटा आला, तर सायकल तेथेच सोडून सावली गाठावी.

तिसरी गंमत थंडीची. दर हजार मीटरला हवा सुमारे सहा अंशांनी थंड होते. २६४२ मीटर उंच गालिबिए खिंडीतून घामाने ओल्या अंगाने उतरताना बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबले जात नाहीत. जुने स्पर्धक माथ्यावर वर्तमानपत्र घेऊन सदऱ्याच्या आत छातीशी धरत, वारा अडतो. आज पातळ जाकीट आणि हातमोजे न्यावेत. अशा उंच खिंडी हिवाळाभर बर्फाने बंद असतात, म्हणून जुलै-ऑगस्ट बरा.

तयारी निदान सहा महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून एकदा जवळचा घाट चढावा आणि चढताना दोन शब्द बोलता येतील इतकाच वेग ठेवावा. हलके गियर घ्यावे. नेहमीची औषधे मूळ नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन कधीही सामानात टाकू नये. मधुमेहींनी खिशात ग्लुकोज ठेवावे. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात जुना आजार लपवू नये आणि डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून पाहावे. तेथे वाहने उजवीकडून चालतात. संकटात ११२ फिरवावा.

आमचे गृहस्थ हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने जुलै २०२४ मध्ये जाऊन आले. चार ठिकाणी थांबत, अडीच तासांत आल्प द्युएझ चढले. परतल्यावर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “उतरताना सदऱ्यात आपल्याच जिल्ह्याचा पेपर होता, डॉक्टर.”

तेव्हा जरूर जा. फक्त दाखला मागताना दाढेचेही दुखणे सांगा.